जर्मनचा जोड

(जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथे, माघातल्या खेट्याच्या रविवारी आसपासच्या गावच्या मंडळींपुढे केलेले भाषण)





आज खेट्याचा रविवार. कोल्हापूरची मंडळी पहाटेच निघाली. वडणगे, निगवे, कुशिरे करीत, गायमुखावरून चढून वर आली. देवाचे दर्शन झाले. गुलाल अंगावर आहे. आता घटकाभर सावलीला बसा. आम्ही एक कामाची गोष्ट सांगणार आहोत.

गोष्ट आहे जर्मनच्या भांड्याची. पुस्तकात त्या धातूला ॲल्युमिनियम म्हणतात. आपल्या घरात मात्र तो जर्मन. जर्मनचा टोप, जर्मनचा डबा, जर्मनचा दुधाचा कॅन. मोटरसायकलच्या इंजिनाचे कवच त्याचेच. औषध फवारायच्या पंपाचे इंजिन त्याचेच. खिडकीची चौकटसुद्धा आता त्याचीच येते.

अशी वस्तू चिरली तर जोडता येते का? येत असेल तर कशी? आणि जोडायला कुणाकडे द्यावी? एवढेच आज बोलायचे आहे.

एका कॅनची गोष्ट

आधी आमची चूक सांगतो. म्हणजे ती तुम्हाला करावी लागणार नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी आम्ही साक्षरतेच्या वर्गासाठी जात होतो. गावात दूध संस्था आहे. तिथला एक ४० लिटरचा कॅन बुडाशी चिरला. टेम्पोतून चढवता उतरवता आपटला होता. चीर बोटभर लांब. थेंब थेंब दूध गळू लागले.

संस्थेचे चिटणीस म्हणाले, "तुम्ही शहराकडं जाताय, तेवढा कॅन जोडून आणा की."

आम्ही कॅन घेतला. रस्त्याकडेच्या पहिल्याच वेल्डिंगच्या दुकानात दिला. कारागीर लोखंडाच्या कामात तरबेज. नांगर जोडतो, ट्रॉली जोडतो, फाटक करतो. त्याने नेहमीचा लोखंडाचा रॉड लावला आणि ठिणगी पाडली.

कॅन तापला, पण लाल झाला नाही. कारागीर लाली येण्याची वाट पाहत राहिला. एकदम पत्रा आत ढासळला. बोटभर चिरेच्या जागी रुपयाएवढे भोक पडले.

"हे जर्मन लई वंगाळ," तो म्हणाला. मग त्याने त्या भोकावर चिकटवायचा लगदा थापला. वरून गुळगुळीत केले. आम्ही पैसे दिले आणि कॅन गावी आणला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कॅनभर दूध नासके म्हणून परत आले. लगद्याच्या फटीत जुने दूध साचून आंबले होते. त्याने नवे दूध बिघडवले.

मंडळी, एका कॅनात एका घरचे दूध नसते. त्यात आठदहा घरचे दूध होते. पहाटे उठून धार काढणाऱ्या बायांच्या हिशोबातून त्या दिवसाचे पैसे गेले. त्यात एक बाई अशी होती की तिला एका म्हशीशिवाय दुसरी मिळकत नव्हती. ती आम्हाला काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "जोडाय आलं न्हवतं तर न्हाई म्हणायचं हुतं."

ते बोलणे आम्हाला लागले. कारागीर कामचुकार नव्हता. त्याला जर्मनचे काम ठाऊक नव्हते, आणि ते विचारून घ्यायचे आम्हाला ठाऊक नव्हते.

मग आम्ही कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने दाटीने आहेत. एका वयस्क मेस्त्रींनी आम्हाला बसवून घेतले आणि सारे समजावले. त्यांनी सांगितले ते, आणि पुढे आम्ही वाचले ते, आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या डोंगरातला धातू

जर्मन हा परका धातू आहे असे समजू नका. तो आपल्या मातीत आहे. डोंगरमाथ्यावर तांबडा जांभा दगड असतो. त्याच्याच जातीचा एक दगड म्हणजे बॉक्साइट. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडला आणि चंदगड तालुक्यात या दगडाच्या खाणी निघाल्या. तिथून तो बेळगावच्या कारखान्याकडे नेला गेला.

या दगडातून आधी पांढरी भुकटी काढतात. त्या भुकटीतून विजेच्या जोरावर धातू सोडवतात. ही रीत १८८६ साली दोघांनी वेगवेगळी शोधली. एक अमेरिकेतले हॉल आणि दुसरे फ्रान्समधले एरू. त्याआधी हा धातू फार महाग होता. नंतर तो स्वस्त झाला आणि घराघरांत आला.

त्याचा मोठा गुण हलकेपणा. एवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या तुकड्याचे वजन त्याच्या जवळजवळ तिप्पट भरते. म्हणून दुधाचा कॅन जर्मनचा करतात. भरलेला कॅन उचलणाऱ्याची पाठ वाचते.

सालीची गोष्ट

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. हिच्यात सारे आले.

जर्मनच्या अंगावर एक पातळ साल असते. हवा लागली की ती धरते. ही साल डोळ्यांना दिसत नाही. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा. त्यातल्या एखाद्या भागाएवढी ती जाड.

साल तशी गुणाची. लोखंड गंजून खपते, जर्मन गंजून खपत नाही, ते या सालीमुळे. ती आतल्या धातूवर पांघरूण घालते.

पण जोडताना हीच साल आडवी येते. जर्मन ६६० अंशांवर वितळतो. त्याची साल वितळायला मात्र २,००० अंशांहून जास्त आच लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साल घट्टच.

दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत दूध भरा. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा. दूध एकत्र होईल का? नाही होणार. पिशवी फाडावी लागेल. जर्मनचेही तसेच. दोन तुकडे शेजारी ठेवून वितळवले तरी साल मध्ये असते. ती दूर केली तरच दोन्ही धातू एक होतात.

लोखंडाची साल जवळजवळ लोखंडाबरोबरच वितळते आणि बाजूला होते. म्हणून लोखंड जोडणे सोपे.

आणखी तीन खोडी या धातूला आहेत.

पहिली खोड अशी की तो तापल्याचे दाखवत नाही. लोखंड आधी लाल होते, मग पिवळे होते, मग वितळते. कारागिराला इशारा मिळतो. जर्मन रंग न बदलता वितळतो. आमच्या कॅनला भोक पडले ते यामुळेच.

दुसरी खोड, तो आच पळवतो. एका टोकाला तापवा, दुसरे टोक लगेच चटका देते. उष्णता लोखंडापेक्षा तिपटी-चौपटीने वेगात पसरते. म्हणून जोडाच्या जागी आच जोरात आणि थोडा वेळ द्यावी लागते.

तिसरी खोड, तो तापून फार फुगतो आणि निवताना फार आकसतो. लोखंडाच्या सुमारे दुप्पट. घाईने जोडले तर निवताना शेजारीच नवी चीर पडते.

जोडण्याच्या रीती

जोडण्याच्या रीती अनेक आहेत. पण प्रत्येक रीतीला एकच प्रश्न विचारा. ही रीत सालीचे काय करते?

गॅसची रीत जुनी. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन या दोन वायूंच्या ज्योतीने धातू वितळवतात. साल काढायला एक पावडर लावतात. तिला फ्लक्स म्हणतात. ही पावडर साल खाऊन टाकते. हुशार हातांनी पातळ पत्राही या रीतीने छान जुळतो. पण एक धोका आहे. ती पावडर मागे राहिली तर ओल धरते आणि पुढे भांडेच खाऊ लागते. म्हणून काम झाले की गरम पाण्याने आणि ब्रशाने घासून घासून धुतले पाहिजे. जिथे धुवायला हात पोचत नाही, तिथे ही रीत वापरू नये.

दुसरी रीत रॉडची. लोखंडाचा रॉड नव्हे, जर्मनचा रॉड वेगळा मिळतो. त्याच्या अंगावर पावडरीचा लेप असतो. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड तुकड्याला तो चालतो. पातळ पत्र्याला भोक पाडतो. हा रॉड ओल फार लवकर धरतो. पावसाळ्यात उघडा पडलेला रॉड कामाचा नाही. आणि इथेही जोडावरची मळी घासून, धुऊन काढावीच लागते.

तिसरी रीत आर्गनची. उद्यमनगरात कुणालाही विचारा, 'आर्गन वेल्डिंग' म्हटले की लगेच कळते. आर्गन हा एक वायू आहे. आपल्या हवेच्या शंभर भागांत तो एक भागही पुरता नाही. तो कशाशी संयोग करत नाही, कशाशी भांडत नाही. हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टन नावाच्या कठीण धातूची टोकदार कांडी असते. तिच्या टोकाशी ठिणगी पेटते. भोवती आर्गनचा झोत वाहतो. तो बाहेरची हवा लांब ठेवतो. हवा नाही म्हणून नवी साल धरत नाही. दुसऱ्या हाताने मेस्त्री जर्मनची तार वितळत्या जागी देत जातो. अमेरिकेत १९४० नंतरच्या काही वर्षांत, विमानांच्या कामासाठी ही रीत पुढे आली.

आता तुम्ही विचाराल, आर्गन नवी साल धरू देत नाही हे ठीक. पण आधीची साल कोण काढतो?

ते काम वीज करते. घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे जाते आणि ५० वेळा मागे येते. तिला एसी म्हणतात. जर्मनसाठी मशीन एसीवर चालवतात. वीज एका बाजूने वाहते तेव्हा सालीचे तुकडे उडवते. दुसऱ्या बाजूने वाहते तेव्हा धातू वितळवते. साल काढ, धातू वितळव. साल काढ, धातू वितळव. असे सेकंदाला कितीदा तरी होते. जोडाच्या दोन्ही कडांना पांढरट, स्वच्छ पट्टा दिसतो. तो साल निघाल्याची खूण.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुष्कळ दुकानांत आर्गनचे मशीन असते, पण ते फक्त डीसीचे असते. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. असले मशीन स्टीलच्या कामाला उत्तम. जर्मनच्या रोजच्या कामाला ते उपयोगी नाही. दुकानावर 'आर्गन' अशी पाटी दिसली म्हणून फसू नका. मशीन एसी आहे का, हे विचारा.

चौथी रीत पिस्तुलाची. तिला मिग म्हणतात. १९४८ च्या सुमारास ती पुढे आली. पिस्तुलातून जर्मनची तार आपोआप बाहेर येत राहते आणि वितळत जाते. भोवती आर्गन असतोच. काम झपाट्याने होते. ट्रकची टाकी, लांबलचक पत्रे, जाड तुकडे यांना ही रीत बरी. जर्मनची तार मऊ असते. लांब नळीतून ढकलली तर मुडपते आणि गुंता होतो. म्हणून तारेचे रीळ पिस्तुलावरच बसवलेले मिळते. दुधाच्या कॅनसारख्या पातळ कामाला मात्र आर्गनच बरा.

पाचवी गोष्ट बाजारातल्या कांडीची. जत्रेत आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत ती तुम्ही पाहिली असेल. विकणारा डब्याला भोक पाडतो, खालून ज्योत लावतो, कांडी घासतो आणि भोक बुजवतो. लोक थक्क होतात. ती कांडी बहुधा जस्त आणि जर्मन यांच्या मिश्रणाची असते. ४०० अंशांच्या आसपास ती वितळते. म्हणजे मूळ भांडे वितळत नाही, वर डाक बसतो. यात फसवणूक आहेच असे नाही. पाण्याच्या डब्याचे बारीक भोक, चौकटीचा कोपरा असे काम ती करते. पण साल घासून काढली नाही तर डाक सुटून येतो. आणि चुलीवरच्या भांड्याला तो लावू नये. भांडे कोरडे तापले की डाक वितळतो. दुधाच्या आणि जेवणाच्या भांड्यात जस्ताचा डाक नको.

सर्वांत नवी रीत तर धातू न वितळवता जोडते. १९९१ साली इंग्लंडमध्ये ती शोधली गेली. एक जाड खुंटी दोन पत्र्यांच्या सांध्यावर गरगर फिरवतात. घासून पत्रे मऊ होतात आणि कणकेसारखे एकमेकांत मळले जातात. ही मोठ्या कारखान्यातली रीत. आपल्या कॅनला तिचा उपयोग नाही. पण ज्ञान कुठवर पोचले आहे, ते कळावे म्हणून सांगितले.

आधी पाकाळणी, मग पूजा

चैत्रातली यात्रा झाली की आपल्या देवाची पाकाळणी होते. देऊळ धुऊन काढतात. गुलाल कोनाकोपऱ्यातून निघतो. जर्मनच्या जोडालाही आधी अशी पाकाळणी लागते. उद्यमनगरचे मेस्त्री आम्हाला म्हणाले, "काम रुपयाचं असलं, तर बारा आणे सफाई आणि चार आणे वेल्डिंग."

सफाईचा क्रम असा. आधी तेलकटपणा काढायचा. ॲसिटोन नावाच्या द्रवाने पुसायचे आणि ते पूर्ण वाळू द्यायचे. ते पेट घेते, म्हणून ज्योतीपासून लांब. मगच ब्रशाने घासायचे. आधी ब्रश मारला तर तेल धातूत रगडले जाते. ब्रश स्टेनलेस स्टीलच्या तारेचा पाहिजे. तो फक्त जर्मनसाठीच ठेवायचा. लोखंडावर मारलेला ब्रश इथे मारला तर लोखंडाचे कण जोडात जातात. घासून झाले की लवकर जोडायचे. कारण साल पुन्हा धरते. ती डोंगरावरच्या गुलालासारखी. आलात की लागणारच.

ओलही तेवढीच वैरी. पाण्यात, तेलात, घामात हायड्रोजन असतो. वितळलेला जर्मन तो पिऊन घेतो. निवताना बाहेर टाकतो. मग जोडात बारीक बारीक भोके राहतात, भाकरीच्या पापुद्र्याखाली असतात तशी. वरून जोड चांगला दिसतो, पण दूध पाझरते. म्हणून पावसाळ्यात तुकडा आधी शेकून कोरडा करतात.

वारा हा तिसरा वैरी. इथे डोंगरावर वारा कसा सुटतो ते तुम्ही जाणता. उघड्यावर काम केले तर वारा आर्गन उडवून नेतो आणि जोड काळा पडतो. हे काम भिंतीआड करावे.

ओतीव वस्तू चिरली, म्हणजे इंजिनाचे कवच किंवा पंपाचे झाकण, तर आणखी थोडी खटपट आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात. त्याने चीर पुढे पळत नाही. मग चिरेवर नांगराच्या तासासारखी खोल रेघ कोरतात. सारा तुकडा सावकाश शेकतात. थोडे थोडे जोडत जातात. शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून हळूहळू निवू देतात. इंजिनाच्या कवचात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. ते तापवले की बाहेर येते. पुन्हा पुसायचे, पुन्हा तापवायचे. ज्याला धीर नाही त्याने हे काम हाती घेऊ नये.

काय जोडू नये

मंडळी, प्रत्येक वस्तू जोडण्याजोगी नसते. 'नाही' म्हणता येणे हेही ज्ञानच आहे.

प्रेशर कुकर चिरला किंवा फुगला तर जोडू नका. मोडीत द्या. त्यात वाफेचा जोर असतो. जोडाशेजारचा पत्रा तापून मऊ पडलेला असतो. स्वयंपाकघरात तो फुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

मोटारीचे जर्मनचे चाक तडकले तर वेल्डिंग करून घाटात गाडी घालू नका. जोतिबाचा घाट उतरताना भार त्या चाकावरच येतो.

पेट्रोल, डिझेल, औषध भरलेली किंवा कधी भरलेली बंद टाकी साध्या दुकानात वेल्डिंगला देऊ नका. टाकी रिकामी दिसते, पण आत वाफ असते. एका ठिणगीने ती बॉम्बसारखी फुटते.

लोखंड आणि जर्मन एकमेकांना वेल्डिंगने जोडू नका. मध्ये ठिसूळ थर तयार होतो आणि तो काचेसारखा तुटतो. तिथे रिव्हेट मारा, नाही तर बोल्ट लावा.

काही ओतीव वस्तू जर्मनसारख्या दिसतात, पण त्या जस्ताच्या असतात. हातात घेऊन पाहा. जर्मनपेक्षा त्या फार जड लागतात. त्या तापवल्या की पांढरा धूर निघतो. तो धूर घेतला तर ताप भरतो.

आणि भांडे झिजून कागदासारखे झाले असेल तर जोडाचा हट्ट सोडा. मोडीत दिलेला जर्मन वाया जात नाही. दगडातून नवा धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुना वितळून पुन्हा कामाला येतो.

डोळे आणि श्वास

वेल्डिंगचा उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहू नका. जर्मन चकचकीत असतो. त्यावरून तो उजेड आरशासारखा उलटतो. थोडा वेळ पाहिले तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पोरे मजा म्हणून पाहत उभी राहतात. त्यांना हाताला धरून लांब न्या. मेस्त्रीने काच, हातमोजे, अंगभर सुती कपडे घातलेच पाहिजेत.

आर्गन विषारी नाही. पण तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत किंवा खड्ड्यात तो तळाशी साचतो आणि हवा हटवतो. माणसाला कळत नाही आणि श्वास कोंडतो. म्हणून वारा आडवा, पण दारे अगदी बंद नकोत. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा. त्यात साध्या हवेच्या सुमारे दीडशे पट दाब असतो.

आणि जोड झाल्यावर लगेच हात लावू नका. तापलेला जर्मन थंड जर्मनसारखाच दिसतो. त्याने पुष्कळांचे हात पोळले आहेत.

मेस्त्रीला पाच प्रश्न

आता तुम्ही जर्मनची वस्तू घेऊन दुकानात गेलात, तर हे पाच प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका. चांगल्या मेस्त्रीला असे गिऱ्हाईक आवडते.

१. तुम्ही जर्मनचे काम नेहमी करता का?

२. मशीन एसीवर चालते का?

३. जर्मनसाठी वेगळा ब्रश आहे का?

४. तार कुठली घालणार? ओतीव वस्तूला बहुधा सिलिकॉन मिसळलेली तार लागते. काही पत्र्यांना आणि चौकटींना मॅग्नेशियम मिसळलेली लागते. मेस्त्रीला हा फरक ठाऊक असला की समजावे, माणूस जाणकार आहे.

५. जोड झाल्यावर पाणी भरून दाखवाल का?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा. कॅनात पाणी भरा. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. बराच वेळ थांबा. खाली ओल दिसली तर जोड कच्चा. दुधाच्या कॅनला आतूनही बोट फिरवून पाहा. खड्डा, फट, खरखर राहता कामा नये. जिथे बोटाला खळगा लागतो, तिथे दूध आंबते. आतला जोड घासून गुळगुळीत करून घ्या. मग कॅन गरम पाण्याने धुवा आणि मगच दूध घाला.

नवा कॅन घेताना त्यावर आयएसआयची खूण पाहा. दुधाच्या जर्मनच्या कॅनसाठी सरकारी मानक आहे. आता तुम्हाला वाचता येते. खूण स्वतः वाचा.

पोरांसाठी दोन शब्द

इथे तरुण मुले बसली आहेत. त्यांना सांगतो, हे पोट भरणारे काम आहे. सरकारी आयटीआयमध्ये वेल्डरचा शिक्षणक्रम एक वर्षाचा असतो.  कोल्हापुरात कळंब्याला आयटीआय आहे. तिथे लोखंड जोडायला शिका. मग एखाद्या जाणत्या मेस्त्रीच्या हाताखाली जर्मन जोडायला शिका. लोखंड जोडणारे पुष्कळ आहेत, जर्मन नीट जोडणारे थोडे आहेत. पुण्याच्या मेट्रोचे डबेसुद्धा जर्मनचे आहेत. या कामाला मागणी वाढतीच आहे.

मुलींनीही यावे. या कामाला दांडगी ताकद लागत नाही. स्थिर हात लागतो. धीर लागतो. दोन्ही हात वेगवेगळे चालवावे लागतात. भाकरी थापता थापता चुलीतला जाळ सांभाळणाऱ्या बाईला ते शिकवायला नको.

शेवटी

आमच्या कॅनचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो.

उद्यमनगरच्या मेस्त्रींनी कॅन हातात घेतला. लगदा खरवडून काढला. भोकाभोवतीचा जळका पत्रा कापून टाकला. तेवढाच गोल ठिगळाचा तुकडा नव्या पत्र्यातून कापला. पुसले, वाळवले, घासले. मग काच तोंडावर ओढली. जोड घालायला लागला थोडाच वेळ. सफाईलाच सकाळ गेली. दुपारी त्यांनी कॅन पाण्याने भरून फरशीवर ठेवला आणि जेवायला गेले. येऊन पाहिले तर फरशी कोरडी.

आम्ही कॅन गावी नेला. त्या एका म्हशीच्या बाईने आधी कॅनात हात घातला. बुडावरून बोटे फिरवली. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "आता ओता."

मंडळी, तिला वेल्डिंग येत नाही. पण जोड कसा तपासावा, हे ती शिकली. एवढे प्रत्येकाला शिकता येते. साल काढल्याशिवाय जोड नाही, आणि तपासल्याशिवाय पैसे नाहीत. या दोन गोष्टी घेऊन डोंगर उतरा.



जोतिबाच्या नावानं चांगभलं!